बेळगावहून व्हेनिस : दोघांनी विमान कोठून पकडावे?

शहापूरकर

सप्रेम नमस्कार.

येत्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी आठ दिवसांसाठी व्हेनिसला जाण्याच्या विचारात आहोत. मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. पत्नीचे वय ६३ असून तिच्या उजव्या गुडघ्याचे दुखणे जुने आहे. सपाटीवर ती दोन किलोमीटर आरामात चालते, मात्र पायऱ्या उतरताना तिला कठडा किंवा माझा हात लागतो. तिचे माहेर चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी आहे, आणि ज्या गावात रस्त्याच्या जागी पाणी आहे ते गाव एकदा पाहायचे, असे ती लग्नापासून म्हणत आली आहे. आजवर आम्ही केलेला सर्वांत लांबचा विमानप्रवास बेळगावच्या सांबरा विमानतळाहून दिल्लीपर्यंतचा आहे, आणि त्याचीही सगळी व्यवस्था मुलानेच केली होती.

एजंटचे म्हणणे असे, की सांबरा ते बेंगळूर हे तिकीट निराळे काढावे आणि बेंगळूर–दुबई–व्हेनिस हे निराळे. त्यात दोघांचे मिळून नऊ-दहा हजार रुपये वाचतात आणि बेंगळूरला मध्ये चार तास मिळतात. मुंबईहून जायचे म्हटले तर रात्रभराची बस आणि महामार्गावर कागलपासून पुढे चाललेली कामे आहेत. गोव्याचा मोपा विमानतळ सर्वांत जवळ, म्हणून तोही विचार मनात येतो.

चार तास पुरेसे आहेत का? दुबईत एक रात्र थांबल्याने दमणूक कमी होईल का? व्हेनिसच्या विमानतळावरून सामानासह गावात कसे पोचावे? शिवाय पत्नीची भाची व्हेनिसजवळच्या पदुआला असते. तिच्यासाठी कुंदा नेता येईल का, हा प्रश्न आमच्या घरात बाकीच्या सर्व प्रश्नांपेक्षा मोठा होऊन बसला आहे.

टिळकवाडीचा प्रवासी

शहापूरकर सर, आम्ही दोघे २०२३ च्या सप्टेंबरात जवळजवळ याच मार्गाने गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. लोक घाबरतात ते विमानात बसून काढाव्या लागणाऱ्या तासांना, पण ते तास कसेही निघून जातात. बेंगळूर ते दुबई साधारण चार तास आणि दुबई ते व्हेनिस सुमारे साडेसहा तास, एवढेच ते आहेत. खरी कसोटी लागते ती सांध्यांवर, म्हणजे एक वाहन सोडून दुसरे पकडण्याच्या जागी. (वहिनींच्या गुडघ्यावरून हा शब्द सुचला नाही, पण तो तिथेही लागू पडतो.)

तुमच्या एजंटाने सुचवले तेच आम्ही केले होते. सांबऱ्यावर त्या दिवशी ढग इतके खाली आले होते, की आमचे विमान साडेतीन तास उशिरा निघाले. बेंगळूरला उतरलो तेव्हा दुबईच्या विमानाचा काउंटर बंद झालेला होता. तिकिटे वेगवेगळी असल्यामुळे पहिल्या कंपनीने बेंगळूरपर्यंत पोचवून आपले काम केले होते आणि दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आम्ही वेळेवर न आलेले प्रवासी होतो. दोघांपैकी कोणाचीही चूक दाखवता आली नाही. नवी तिकिटे घ्यावी लागली आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले. एप्रिलमध्ये तसा पाऊस नसेल, परंतु विमानाला उशीर होण्यासाठी पावसाचीच गरज असते असे नाही.

संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर मिळत असेल तर तोच घ्यावा. मग पहिल्या टप्प्याला उशीर झाला तरी पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि बॅगाही बहुधा थेट व्हेनिसला मिळतात. अशा तिकिटाची एक अट मात्र आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसते. तिकीट सांबऱ्यापासूनचे काढायचे, ऐन वेळी कारने बेंगळूर गाठायचे आणि तिथून विमानात चढायचे, असे करता येत नाही. पहिला टप्पा सोडला की पुढचे सर्व टप्पे, परतीचेही, साधारणपणे आपोआप रद्द होतात.

वेगळी तिकिटेच घ्यायची असतील तर चार तासांवर विसंबू नका, एक दिवस आधी जा. रात्रीच्या रेल्वेने सकाळी बेंगळूरला उतरावे, विमानतळाच्या बाजूला देवनहळ्ळीजवळ एक खोली घ्यावी आणि दिवसभर पाय पसरून पडावे. मुख्य स्थानकापासून विमानतळ सुमारे ३५ किलोमीटर आहे आणि सकाळच्या गर्दीत दोन तास सहज जातात. शिवाय वेगळ्या तिकिटांत सामानाचाही घोळ होतो. देशांतर्गत विमानात सामान्यतः १५ किलोची बॅग चालते आणि परदेशी विमानात त्याहून बरीच जास्त. म्हणजे घरी पंचवीस किलोची बॅग भरून निघालात तर दंड सांबऱ्यावरच भराल.

दुबईत रात्र काढू नका. विमानतळाबाहेर पडायचे तर तिथल्या व्हिसाची तजवीज वेगळी करावी लागते, आणि बॅगा काढणे, हॉटेल, पुन्हा तपासणी यांत विश्रांतीपेक्षा दमणूकच वाढते. मध्ये तीन-चार तास असावेत, त्याहून कमी नसावेत. एजंटाने फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे तिकीट दाखवले, तर शेंगेन देशांत (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) प्रवेशाची तपासणी तिथेच होते, व्हेनिसला नव्हे, हे लक्षात घ्या. १२ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी पासपोर्टवरील शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. प्रथमच जाणाऱ्याला त्या रांगेत वेळ लागतो, म्हणून तिथे सव्वा तासात विमान बदलण्याचे धाडस या वयात करू नये.

वहिनींसाठी व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, नोंदवा. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. आमच्या सौभाग्यवतींना खुर्चीत बसण्याची फार लाज वाटत होती. दुबईच्या विमानतळावरचे अंतर पाहिल्यावर ती लाज कुठल्या कुठे गेली. आसन निवडताना मार्गिका उजव्या हाताला येईल असे निवडा, म्हणजे उजवा पाय अधूनमधून लांब करता येईल. तीन-चार-तीन अशी रांग असलेल्या विमानात ती आसने बहुधा सी आणि जी असतात, तरी नकाशा पाहून खात्री करा. दर दीड-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, पाणी प्यावे, आणि पायांत घट्ट मोजे घालावेत की नाही ते डॉक्टरांना विचारावे.

जांबोटी रोड

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. आंबोली उतरून सावंतवाडी-बांद्यावरून मोपा गाठायला आपल्या गाडीने तीन-साडेतीन तास पुरतात. रेल्वे नाही, बेंगळूरची गर्दी नाही, आदल्या दिवशीचा मुक्कामही नाही. व्हेनिससाठी मोप्याहूनही मध्ये विमान बदलावेच लागते, पण ते बेंगळूरहूनही लागतेच. सांबऱ्याचा टप्पा गळला की टिळकवाडीच्या मित्रांनी सांगितलेला पहिला सांधाच उरत नाही. अडचण एवढीच, की मोप्याची परदेशी उड्डाणे मोजकी आहेत आणि ती हंगामाप्रमाणे बदलतात, त्यामुळे तुमच्या तारखांना जोडणी मिळते का ते प्रथम पाहावे. मिळाली तर दुसरा विचार करू नये. पावसाळ्यात मात्र मी हा सल्ला दिला नसता. घाटात दरड कोसळली तर विमान तुमची वाट पाहत नाही.

निपाणीकरीण

काका, कुंद्याचे मी सांगते, कारण माझी स्वतःची दोन किलोंची पेटी एकदा कचऱ्यात गेली आहे.

युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. खवा, पेढे, तूप, पनीर सगळे त्यात आले. मिठाईला काही सवलत आहे हे खरे, पण कुंदा म्हणजे आटवलेले दूधच, आणि ती मिठाई आहे की दूध आहे हा वाद परक्या भाषेत कस्टमच्या अधिकाऱ्याशी घालण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी गोकाकचे करदंट न्या. डिंक, गूळ आणि सुकामेवा यांचा तो पदार्थ टिकतो आणि भाचीला माहेरची आठवणही होईल. ताजी फळे आणि भाज्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळे त्यातून वगळली आहेत. नारळ चालतो म्हणून सुके खोबरे बॅगेत टाकू नका. ते पेट घेऊ शकते म्हणून विमान कंपन्याच अडवतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस जवळ ठेवू नका, चिमूटभरसुद्धा नको. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत मोडते. आपल्याकडे मांड्यात खसखस असते, आणि घरच्या कांदा-लसूण मसाल्यातही बहुतेकजणी घालतात. काकू निघताना प्रेमाने मसाल्याची पुडी बांधतीलच, तेव्हा त्यांना हे आधीच सांगून ठेवा. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी निर्धास्त न्या.

विमानातील जेवणासाठी ‘हिंदू जेवण’ मागू नका. ते शाकाहारी नसते. त्यात गोमांस नसते एवढाच त्याचा अर्थ. शाकाहारी असाल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन’ असे निदान २४ तास आधी नोंदवावे लागते. औषधे हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटासह आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा. मोबाईलची पॉवर बँकही हातातच, सामानात नको.

वेंगुर्ला रोड

शेंगेन व्हिसाबद्दल थोडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो, परंतु एप्रिलसाठी जानेवारीतच वेळ घ्या, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर वेळा मिळत नाहीत. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तो काढताना गुडघा, साखर, रक्तदाब जे असेल ते लपवू नका. पहिलाच अर्ज असल्याने ठसे देण्यासाठी दोघांनीही स्वतः जावे लागेल. शेतीचे उत्पन्न दाखवायचे असेल तर आपल्याकडील उतारे कन्नडमध्ये असतात, त्यांचे इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्या. घाईघाईने केलेल्या भाषांतरात नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नाही आणि मग खुलासे देत बसावे लागते.

शहापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. खसखशीची गोष्ट वाचून पत्नी काही वेळ गप्पच झाली, कारण मांडे नेण्याचा तिचा बेत पक्का होता. आता दोन शंका उरल्या आहेत. व्हेनिसला पूर येतो असे नेहमी वाचनात येते, त्याचे काय? आणि चारशेहून अधिक पूल असलेल्या गावात तिचा गुडघा कसा टिकणार?

निपाणीकरीण

काकू कृष्णाकाठच्या आहेत, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते. २०१९ साली आपल्याकडे पाणी चढले ते दिवसचे दिवस उतरले नाही. व्हेनिसचे पाणी समुद्राच्या भरतीचे असते, ते काही तासांत ओसरते. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे १८७ सेंटिमीटरपर्यंत भरती चढली होती. त्यानंतर ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी उभारलेले हलते दरवाजे मोठ्या भरतीच्या वेळी वर उचलले जातात. शिवाय हा त्रास मुख्यतः शरद आणि हिवाळ्यातला. एप्रिलअखेरीस त्याची फारशी चिंता नको.

पुलांची चिंता मात्र खरी आहे, कारण बहुतेकांना पायऱ्या आहेत आणि बॅग आपणच उचलायची असते. विमानतळ मुख्य भूमीवर आहे. तिथून बस सुमारे वीस-पंचवीस मिनिटांत पियाझ्झाले रोमा या चौकात सोडते, आणि मोटारींचा रस्ता तिथेच संपतो. तिथून सांता लुचिया रेल्वे स्थानक समोर दिसते, पण मध्ये पायऱ्यांचा पूल आहे. सामान घेऊन तो चढू नका, जलबसने पलीकडे जा. विमानतळावरून थेट बोटही मिळते. ती सावकाश जाते, सान मार्को चौकापर्यंत सव्वा ते दीड तास घेते, पण सबंध प्रवासात पायरी जवळजवळ लागत नाही. वीस तासांच्या प्रवासानंतर काकूंना ती बोटच आवडेल, असे मला वाटते.

हॉटेल निवडताना दर पाहण्याआधी एकच गोष्ट विचारा : जलबसच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल लागतात? उत्तर ‘शून्य’ असेल तेच घ्या. पलीकडे मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला स्वस्त पडते आणि रेल्वेने दहा-बारा मिनिटांत गावात येता येते, परंतु रोजचे जाणे-येणे गुडघ्याला भारी पडेल. जलबसचे एका वेळचे तिकीट ९.५० युरोंचे आणि ७५ मिनिटांपुरते असते, म्हणून काही दिवसांचा पास काढा. आणखी एक : २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. मुक्कामाला असणाऱ्यांना ते माफ आहे, पण संकेतस्थळावर नाव नोंदवून माफीचा कोड घ्यावा लागतो. तुमच्या तारखा नेमक्या त्याच हंगामातल्या आहेत.

शहापूरकर

मोप्याहून आमच्या तारखांना सोयीची जोडणी मिळाली नाही. एका तिकिटावर सांबऱ्याहून जाणारा मार्ग मध्ये बेंगळूरला साडेसहा तास थांबवतो आणि सात हजारांनी महाग आहे. तोच घेण्याचे ठरवले. सी आसन मिळाले. एजंटाला व्हीलचेअरचे सांगितले तेव्हा त्याने ‘दोघांसाठी का?’ असे विचारले, आणि पत्नीने माझ्याकडे पाहून ‘यांच्यासाठीही सांगून ठेवा’ असे उत्तर दिले. करदंटाची मागणी गोकाकच्या साडूंकडे नोंदवली आहे.