प्रतिसाद: काड्या पूर्ण, तरी अपलोड का रखडतं?

वर विचारलंय की फाइव्ह-जीच्या काड्या पूर्ण असूनही अपलोड का रखडतं. काड्या टॉवरकडून येणारा सिग्नल दाखवतात, तुमचा फोन तिथवर पोचतोय का ते नाही. टॉवर साधारण २०० वॅटचा, फोन जेमतेम ०.२ वॅटचा.

शिवाय फाइव्ह-जीच्या ३.५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात डाउनलोड-अपलोड दोन्ही दिशांना एकच फ्रीक्वेन्सी, पाळीपाळीने. नेहमीच्या मांडणीत अर्ध्या मिलिसेकंदाचे पाच स्लॉट (वेळेचे तुकडे): तीन डाउनलोडचे, एक मिश्र, अपलोडला पूर्ण असा एकच.

ही पाळी जुळावी म्हणून टॉवर आपलं घड्याळ जीपीएसवरून लावतो; ते जीपीएस गेलं की आणखी पंचाईत. शेजारच्या टॉवरांच्या वेळेत ३ मायक्रोसेकंदांहून जास्त फरक पडला, तर एकाचं डाउनलोड दुसऱ्याच्या अपलोडवर आदळतं. अँटेना बदलून हे सुटत नाही. आधी टॉवरचं घड्याळ तपासायला हवं. घरात सिग्नल कमकुवत असेल तर अपलोड भिंतींतून सहज जाणाऱ्या ७०० मेगाहर्ट्झवर किंवा फोर-जीवर वळवलेलं बरं.