इंग्रजीचा अभ्यास घरी कोण घ्यायचं? (अनुभव लिहा)

निरांजन_७६
काल रात्री लेक बारावीचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली. दिलीप चित्रे यांच्या 'फादर रिटर्निंग होम' या कवितेचं अ‍ॅप्रिसिएशन, म्हणजे रसग्रहण, लिहायचं होतं. "आई, सॉगी म्हणजे?" ओलं गच्च, असं सांगायला तोंड उघडलं आणि बाबांचा रेनकोट डोळ्यांसमोर आला. दारामागच्या खिळ्याला टांगलेला, खाली आईने अंथरलेलं गोणपाट.

बाबा फोर्टात टायपिस्ट. बदलापूरला घरी यायला साडेनऊ. जेवण झालं की माझी वही. फॉर्मल लेटर त्यांनीच शिकवलं. समास, तारीख, विषय एका ओळीत. "साहेबाला वेळ नसतो, पहिल्या वाक्यात काम सांग." कवितेला मात्र हात लावायचे नाहीत, "ते बाईंना विचार" म्हणायचे.

त्या कवितेतला बाप लोकलमधून उतरतो, त्याला लांबलचक वाक्यातून गळलेल्या शब्दाची उपमा दिली आहे. लेकीला सिमिली समजावताना माझा आवाजच फुटेना. तिने पेन ठेवलं आणि आजोबांबद्दल विचारत बसली. तुमचा अभ्यास कोणी घेतला?

गवतफूल
आईने. तिला एबीसीडी येत नव्हती. गाईड हातात धरून बसायची, मी निबंध म्हणायचे. अडखळले की "परत पहिल्यापासून". दहावीला इंग्रजीत ७१. पेढे तिनेच वाटले, गल्लीभर.

रुळावरचा
बदलापूर वाचून पोटात कालवलं. २०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूरच्या पुढे वांगणीजवळ पुरात अडकली होती ना, आमचे मामा त्या दिवशी लोकलने निघाले ते कल्याणलाच अडकले. रात्री घरी आले तेव्हा मामीने आधी पाय धुवायला गरम पाणी दिलं, मग बोलली.

दुपारचा चहा
त्या कवितेत शिळी पोळी आहे ना? आमच्याकडे कुस्करा. भरपूर कांदा, शेंगदाणे, वरून लिंबू. रविवारी मुद्दाम जास्तीच्या पोळ्या करतो.

गवतफूल
@दुपारचा चहा हळद घालता की लाल तिखटावरच?

दुपारचा चहा
दोन्ही. आणि पोळी हातानेच कुस्करायची, मिक्सरमध्ये पीठ होतं.

जिप_बाई
२००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. मी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेली, म्हणून पहिलीला शिकवताना आदल्या रात्री तयारी करायचे. आता मोठ्या वर्गांना कविता आधी मराठीत सांगायला लावते. 'बाप दमून आला आणि घरात कुणी बोललं नाही' एवढं मनात उतरलं की थीम आपोआप लिहिता येते. यमक सापडलं नाही तर मुलं रडकुंडीला येतात. चित्र्यांच्या या कवितेत ते नाहीच, सरळ फ्री व्हर्स (मुक्तछंद) लिहा.

साधा माणूस
घाईत विचारतो, मुलाची उद्या परीक्षा. पत्राच्या शेवटी सिन्सिअरली की फेथफुली?

जिप_बाई
वर डिअर सर किंवा मॅडम असेल, नाव नसेल, तर युअर्स फेथफुली. नाव घालून लिहिलं असेल तर युअर्स सिन्सिअरली. युअर्समध्ये अपोस्ट्रॉफी अजिबात नाही, तिथे फार मुलं चुकतात. वाय कॅपिटल, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान. मुलाला शुभेच्छा!

साधा माणूस
बाई, खूप आभार. वहीत लिहून घेतलं.

लेस्टरची मावशी
इकडे इंग्लंडात लेकाचं जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा. दोन कवितांची तुलना करायची, त्यातली एकच छापून येते, दुसरी मनातून आठवायची. तो भाजी चिरताना मला ओळी म्हणून दाखवतो. मराठी शाळेत बाई पाठांतर घ्यायच्या ते इथे इतक्या लांब उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. निरांजन, तुझे बाबा आहेत ना गं अजून?

निरांजन_७६
नाहीत मावशी, नऊ वर्षं झाली. लेकीने आज सकाळी उरलेलं अ‍ॅप्रिसिएशन पूर्ण केलं. कविता का आवडली, तिथे आजोबांच्या रेनकोटाबद्दल दोन ओळी लिहिल्यात. मी स्पेलिंग तेवढी तपासली.