विहिरीत पावडर टाकली म्हणजे पाणी शुद्ध झालं का?

किरकटवाडीकर:
जानेवारी २०२५ आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, पुण्याच्या सगळ्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातून जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते) पेशंट निघत होते. आधी जुलाब, मग पायांतलं बळ जायचं, काहींना थेट व्हेंटिलेटर. राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही पेशंटच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा आणि क्वचित त्यातून जीबीएस ओढवणारा जिवाणू सापडला. आणि मग सगळ्यांना नांदेडची विहीर दिसली. खडकवासला धरणाचं पाणी त्या विहिरीत यायचं, त्यात जंतुनाशक पडायचं, की निघालं घरोघरी. तुरटी नाही, गाळ बसवायला टाकी नाही, वाळूचा फिल्टर नाही.

क्लोरिन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण गढूळ पाण्यात तो मातीतल्या, पाल्यापाचोळ्यातल्या घाणीवरच खर्च होतो, जंतूंसाठी उरतच नाही. म्हणून आधी गाळायचं, मग क्लोरिन. यातली बरीच गावं जून २०२१ मध्ये महापालिकेत आली, म्हणजे साथ येईपर्यंत साडेतीन वर्षं गेली होती. माझं म्हणणं एवढंच: समाविष्ट गावांसाठी फिल्टर प्लांट आधी. रस्ते, चौक, सुशोभीकरण सगळं नंतर.

निवृत्त वॉल्व्हमन:
ताई, तुमची कळकळ पटते, पण क्रम चुकतोय. मी दुसऱ्या शहरात ३० वर्षं चाव्या फिरवल्या. प्लांटमधून पाणी काचेसारखं निघतं, बिघडतं ते वाटेत. दिवसातून तास-दोन तास पाणी सोडायचं, मग लाइन रिकामी. रिकामी झाली की आतून ओढ बसते आणि फुटक्या जॉइंटमधून बाहेरचं पाणी आत येतं. शेजारून ड्रेनेज जात असेल तर ड्रेनेजचं. वर लोक नळालाच मोटर लावतात, ती ओढ आणखी वाढते. सकाळी नळाला पहिलं पाणी पिवळट, वासाचं का येतं, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

म्हणून आधी जुन्या लाइन बदला आणि पाणी चोवीस तास ठेवा. लाइनमध्ये दाब असला की गळतीतून पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. छोटं गाव करू शकलं.

किरकटवाडीकर:
काका, स्वच्छ लाइनमधून न गाळलेलं पाणी चोवीस तास आलं, तर आजारही चोवीस तास येईल. अमेरिकेत मिलवॉकीला १९९३ मध्ये काय झालं? क्लोरिन होता, दाब होता, फक्त एका प्लांटमध्ये गाळणं नीट झालं नाही. क्लोरिनला न जुमानणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी जंतू नळातून घरात गेला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले.

निवृत्त वॉल्व्हमन:
मग त्याच अमेरिकेतलं फ्लिंट शहरही घ्या. २०१४ मध्ये पैसे वाचवायला डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं घेतलं. पाणी प्लांटमधूनच येत होतं, पण पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं औषध घातलं नाही. जुन्या पाइपांतलं शिसं लेकरांच्या पोटात गेलं. प्लांट होता, घात पाइपांत झाला.

सोसायटी सेक्रेटरी:
तुम्ही दोघंही गेटच्या बाहेरचंच बोलताय. साथीच्या वेळी आम्ही ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन उरलाय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) केली. गेटवरच्या नळाला पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरिन होता. पाचव्या मजल्यावर काहीच रंग नाही. टाकी उघडली तर तळाला बोटभर गाळ! दोन वर्षं कुणी धुतलीच नव्हती, आणि त्यात चूक आमचीच, माझ्यासकट. आरओच्या जारवर विसंबणाऱ्यांनी हेही आठवावं की त्याच साथीत काही खासगी आरओ प्लांटचं पाणीही दूषित निघालं आणि पालिकेने ते बंद केले. शिवाय कॅम्पिलोबॅक्टर अर्धवट शिजलेल्या चिकनमधूनही येतो. सगळं खापर विहिरीवर फोडू नका.

किरकटवाडीकर:
दादा, चिकन नीट शिजवून खाता येतं, न खाताही राहता येतं, पण पाणी न पिता कुणी राहू शकतं का? टाकीचं मात्र मान्य. आमचीही या रविवारी उघडतो.

काका, लाइनचं तुमचं म्हणणं मी खोडत नाही. पण लाइन बदलायला वर्षं लागतील, गल्लीगल्ली खणावी लागेल. तोवर लेकरांनी काय प्यायचं? उकळून पिणं हा उपाय गॅस परवडणाऱ्यांचा आहे. पलीकडच्या चाळीत पाच माणसांचं पाणी रोज उकळायला सिलिंडर कुठून आणणार?

निवृत्त वॉल्व्हमन:
हा प्रश्न खरा आहे. तोवर एक करा. ओटीचं किट स्वस्त मिळतं. टाकीजवळ नाही, लाइनच्या शेवटच्या घरात टेस्ट करा, तिथेच क्लोरिन आधी संपतो. लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी दाखवलं तर तारीख, वेळ लिहून फोटोसकट लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महिनाभराची वही झाली की इंजिनिअरला ती बाजूला सारता येत नाही. माझ्या नोकरीत अशा दोन वह्यांवर दोन लाइन बदलल्या गेल्या.

किरकटवाडीकर:
शेवटचं घर ओढ्याकाठच्या आजींचं आहे. उद्या सकाळी पाणी सुटताना तिथे जाते.