कच्च्या झुकिनीची कोशिंबीर: तुमच्याकडे कशी करतात, कशी वाढतात?

वाशिष्ठीकाठ
आज चिपळूणच्या मंडईत पडवळाशेजारी हिरव्यागार झुकिनी दिसल्या आणि बाबा आठवले. ते जहाजावर कूक होते. रजेवर आले की आईला ओटीवर बसवून इटलीच्या बंदरात शिकलेला हा प्रकार स्वतः करायचे. तेव्हा इथे झुकिनी कुठली! मांडवावरची कोवळी काकडी घ्यायचे. आता मी खऱ्या झुकिनीची करते.

छोटी, घट्ट बघून घ्यायची. साल ठेवायची. टोकं उडवून सालकाढणीने लांबच्या लांब पट्ट्या ओढायच्या, पलीकडचं बोट दिसेल इतक्या पातळ. मऊ बियांचा गाभा लागला की थांबायचं, तो आमटीत जातो. लिंबू, ऑलिव्ह तेल, मिरपूड, पुदिना, वर चीजचा कीस. मीठ मात्र ताटं मांडल्यावरच! झुकिनीत शंभरात ९५ भाग पाणी, मीठ लागून दहा मिनिटं गेली की वाडग्यात तळं. बाबा एकेक पट्टी बोटाभोवती गुंडाळून केळीच्या पानावर उभी ठेवायचे, मध्ये डाळिंबाचे दाणे. भजी समोर असली तरी पाहुण्यांचा पहिला हात तिकडे जायचा.

लिहा तुमचे अनुभव, सजावटीसकट.

गुहागरची_लेक
ऑलिव्हचा वास आमच्या घरात कुणाला आवडत नाही. मी सरळ खमंग काकडीसारखी करते. कोचवायची, पाणी पिळून काढायचं (ते थालीपिठाच्या पिठात), दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, साखर. तुपात जिरं-मिरचीची फोडणी, पण ती कोमट झाल्यावर घालायची, नाहीतर करकरीतपणा जातो. कुकर झाला, बाकी नंतर.

देवगडवाला
आमच्या बाजारात ता खंय गावता! कवळां तवसां घेतलां तर चलात काय?

वाशिष्ठीकाठ
चालेल की दादा, तवसं म्हणजे काकडीच, बाबा तेच करायचे. फक्त तवशाची साल जाड, ती काढा.

परसबाग
तवसं असो, झुकिनी असो, आधी एक चकती चाखा. कडू लागली तर अख्खी फेकून द्या, "थोडीशीच कडू आहे" म्हणून ढकलू नका. तो कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा, शिजवूनही जात नाही. २०१५ साली जर्मनीत घरगुती बागेतली कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ वारले. घरचं बी राखताना शेजारी शोभेचे भोपळे असतील तर परागसंकर होऊन पुढच्या पिढीत असं कडू फळ निघू शकतं. दुधीलाही हेच लागू. मी पाहुण्यांसमोरसुद्धा चाखून बघते, कुणी काही म्हणो.

रत्नागिरी_सून
वाचून लगेच सासूबाईंना सांगितलं, त्या रोज दुधीचा रस घेतात. 🙏
बरं, झुकिनी उपासाला चालते का? उद्या चतुर्थी.

गुहागरची_लेक
लाल भोपळा चालतो ना? त्याचीच भावंड ही. आमच्याकडे एवढ्यावर मंजुरी मिळाली 😄

रत्नागिरी_सून
मग ऑलिव्ह तेलाचं पण विचारू का? नको, तूपच बरं.

परसबाग
फुलं टाकू नका हं कुणी. लांब दांड्याची, मागे बारकं फळ नसलेली ती नर फुलं. परागीकरणापुरती ठेवून बाकीची सकाळी उमलल्यावर काढा, आतले पुंकेसर काढून तांदळाच्या पिठात बुडवून भजी. भोपळ्याच्या फुलांची करतो तशीच. इटलीत आत चीज भरून तळतात.

देवगडवाला
भजी म्हटल्यावर मिया इलंय. सोबत तळलेली सुरमय व्हयी.

दापोली_माहेर
@वाशिष्ठीकाठ बाबांनी आणखी काय काय लिहून ठेवलंय? एखादी वही असेल तर फोटो टाका ना.

वाशिष्ठीकाठ
होती. जुलै २०२१ च्या पुरात गेली. खालच्या खोलीतलं सगळंच गेलं. हाताला आठवतं तेवढं करते, मुलीलाही शिकवते.

दापोली_माहेर
अगं, वाईट वाटलं गं. माझ्या मावशीकडेही पाणी माळ्यापर्यंत होतं, लग्नाचे अल्बम सगळे चिखलात. आठवेल ते इथे टाकत जा, आम्ही उतरवून घेतो.

गुहागरची_लेक
हो टाकच. मी वहीत लिहून घेतलंय वरचं. लिंबू नाही घरात, कोकमाचं आगळ घातलं तर?

वाशिष्ठीकाठ
छान लागतं, पट्ट्यांना गुलाबी कडा येते. पण आगळात मीठ असतंच, वरून घालू नकोस. आणि तेही वाढतानाच.

गुहागरची_लेक
बरं. पाहुणे साडेबाराला येणार, पट्ट्या काढून फ्रीजमध्ये ठेवते.

रत्नागिरी_सून
फडक्यात गुंडाळून ठेव, सुकत नाहीत.