गोळ्या चालू असल्या तरी दात जाणारच, हे कुणी ठरवलं?

कृष्णाकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, "एचआयव्ही असला की हिरड्या सडणारच. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, घ्या नाहीतर नका घेऊ, चाळिशीत कवळी ठरलेली. दाताच्या डॉक्टरवर पैसे घालवू नका." वाचून डोकं फिरलं. हिरड्या बिघडतात त्या दातांवर साचलेल्या कीटणातल्या जंतूंमुळे. प्रतिकारशक्ती खचली की आजार झपाट्याने खोल जातो, तेवढा एचआयव्हीचा वाटा. माझ्या मेव्हण्याचा सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, २०० च्या खाली गेला होता. दोन दातांमधलं हिरडीचं टोक राखाडी पडून गळालेलं, जवळ बसवत नव्हतं इतका वास, आणि पाणी प्यायलं तरी कळ. डॉक्टरांनी मेलेला भाग काढला, क्लोरहेक्सिडिनच्या जंतुनाशक गुळण्या आणि मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं, एआरटी सुरू झाली. दात राहिले. तो तुमचं ऐकून घरी बसला असता तर?

बार्शीचा बापू: ते मीच लिहिलंय आणि मागे घेणार नाही. रक्तातला विषाणू, तो व्हायरल लोड, सापडत नाही इतका खाली, तरी खालचे चार दात गेले. तुमचा मेव्हणा नशीबवान.

मिरजकर दंतवैद्य: बापू, गोळ्या कधी सुरू झाल्या? २०१७ च्या आधी सीडी४ ठरलेल्या आकड्याखाली येईपर्यंत थांबवायचे. त्या काळात झिजलेलं हाड व्हायरल लोड उतरला म्हणून परत भरून येत नाही. आणि तंबाखू?

बार्शीचा बापू: मळतो. आमच्याकडे कोण मळत नाही?

मिरजकर दंतवैद्य: तिथेच घोडं पेंड खातं. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, रक्त येत नाही, माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि आत हाड झिजत राहतं. २०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणे. माझ्या दवाखान्यासमोरच्या टपरीवर या, हवी ती पुडी मिळते. मिश्रीचं तर कुणी नावच काढत नाही!

सुनंदाताई: तंबाखूवर भाषण सोपं आहे, डॉक्टर. मी माणसांना दवाखान्यात घेऊन जाते. एआरटीचं हिरवं कार्ड दिसलं की "मशीन बिघडलंय, पुढच्या आठवड्यात या". पुढच्या आठवड्यातही बिघडलेलंच. एका बाईंनी पू येणारी हिरडी घेऊन दिवाळी काढली. म्हणून मी सांगते, काही बोलू नका, गपचूप स्केलिंग, म्हणजे कीटण काढणं, करून घ्या.

मिरजकर दंतवैद्य: हा सल्ला धोक्याचा आहे. हिरडीच्या कडेला लाल पट्टा असेल आणि कीटण काढूनही जात नसेल, तर मी बुरशी शोधतो. ठाऊकच नसेल तर नुसतं स्केलिंग करून घरी पाठवीन. शिवाय माझ्या असिस्टंटला सुई लागली तर?

सुनंदाताई: सुईचं तुम्ही बोलूच नका! ग्लोव्हज, हत्यारं निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह प्रत्येक पेशंटला वापरायचे असतात. तुमच्या खुर्चीत बसणाऱ्या निम्म्या लोकांना स्वतःचाच रिपोर्ट माहीत नसेल. संसर्ग असलेल्या रक्ताची सुई लागली तरी धोका हजारात तीन, आणि ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे संसर्ग टाळायच्या गोळ्या, घेता येतात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार नाकारता येत नाहीत, स्थिती सांगायची सक्तीही करता येत नाही.

कृष्णाकाठ: ताई, कायदा बरोबर. पण मेव्हण्याने सांगितलं म्हणूनच त्याचा सीडी४ तपासला गेला.

सुनंदाताई: त्याला माणुसकीचा डॉक्टर भेटला. आधी दार उघडू दे, मग सांगायचं बघू.

मिरजकर दंतवैद्य: आमच्यातले काही जण परत पाठवतात, हे मान्य करावं लागतं. मीही पाहिलंय. पण लपवा म्हणणं मला पटणार नाही. माझ्याकडे पाठवा, मशीन चालू आहे.

सुनंदाताई: पाठवते. परत आले तर इथेच लिहीन.

बार्शीचा बापू: स्केलिंग केलं की दात हलायला लागतात म्हणतात, त्याचं काय?

मिरजकर दंतवैद्य: ते आधीच सुटलेले असतात, कीटणाने धरून ठेवलेले. कीटण निघालं की हलणं कळतं. उरलेले वाचवायचे असतील तर आत्ताच या, हिरडीखालची सफाई करावी लागेल.

बार्शीचा बापू: बरं, "ठरलेली" हा शब्द मागे घेतो, बाकी नाही. आणि आल्यावर तंबाखूचा विषय काढायचा नाही.

मिरजकर दंतवैद्य: काढणार.