रात्री घाम, धडधड, रिपोर्टमध्ये ‘मेनोपॉज नाही’. हार्मोनच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

केतकी_४७: रात्री दोन-तीनदा घामाने गाऊन भिजतो, मग झोप लागत नाही. छातीत धडधडतं. एफएसएच (मेनोपॉजसाठी रक्तात तपासतात ते हार्मोन) 18 आलं. डॉक्टर म्हणतात, मेनोपॉज नाही. मग हे काय आहे? हार्मोन्स घेऊ का? लवकर सांगा.

निशिगंध: शेवटची पाळी कधी आली होती? रक्तस्राव किती? आणखी कोणती औषधं चालू आहेत? एका एफएसएचवरून काही ठरत नाही. या वयात ते आज 18, पुढच्या महिन्यात 60 आणि नंतर पुन्हा 9 असू शकतं. म्हणून 45 नंतर लक्षणं स्पष्ट असली की ते तपासायची गरजच नसते. सलग 12 महिने पाळी आली नाही की मेनोपॉज म्हणायचं. त्याआधीची काही वर्षं पेरिमेनोपॉज. वाफा (अंगात एकदम उष्णता चढणं) आणि घाम बहुतेकींना त्याच काळात सुरू होतात.

शेवंती: रोज दोन चमचे अळशी भाजून खा, रात्री दुधातून शतावरी. बाकी काही लागत नाही.

रानजाई: अळशी खायला हरकत नाही, पण शतावरीने वाफा थांबतात याला भक्कम पुरावा नाही. आणि धडधडीचं कारण न शोधता ‘बाकी काही लागत नाही’ कसं सांगता?

केतकी_४७: पाळी कधी 20 दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी. आली की 9-10 दिवस, गाठी पडतात. पण ते या वयात सगळ्यांचंच होतं ना? थायरॉइडची 75 ची गोळी, कॅल्शियम आणि लोह, सगळं सकाळी चहाबरोबर.

निशिगंध: मुख्य गोष्ट इथेच आहे, ताई. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियम आणि लोह तिच्यानंतर 4 तासांनी, तेही एकमेकांपासून लांब: लोह दुपारी लिंबाबरोबर, कॅल्शियम रात्री जेवताना. आत्ता तुमची गोळी नीट शोषलीच जात नसेल. थायरॉइड कमी पडलं की रक्तस्राव वाढतो, त्यातून हिमोग्लोबिन उतरतं आणि धडधड होते. वेळा बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करा, कारण शोषण सुधारलं की 75 जास्तही होऊ शकते आणि त्यानेही घाम, धडधड होते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ईसीजी मात्र लगेच.

सुधामावशी: एवढा त्रास कशाला? गर्भपिशवी काढून टाका, मोकळ्या व्हा.

रानजाई: मावशी, पिशवी काढल्याने पाळी थांबते, वाफा नाही. वाफा इस्ट्रोजेन हे हार्मोन खाली-वर झाल्याने येतात आणि ते ओव्हरीत (अंडाशयात) बनतं. ओव्हरीही काढल्या तर एका दिवसात मेनोपॉज येतो, वाफा जास्त जोरात आणि हाडांची झीज लवकर. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. तरी हाच सल्ला?

सुधामावशी: फायब्रॉइड (पिशवीतल्या गाठी) मोठे असतील तर काढावीच लागते.

रानजाई: असतील तर. ते आधी सोनोग्राफीत दिसू द्या. नुसता रक्तस्राव आवरायला ट्रॅनेक्झामिक अॅसिड किंवा गर्भपिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आहे. रक्तवाहिनीत गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर ट्रॅनेक्झामिक नको.

शेवंती: कॅल्शियमच्या गोळ्या घेण्यापेक्षा नाचणी का नाही? 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम असतं.

अबोली: दोन भाकऱ्यांत तेवढं जात नाही. तिळाची चटणी जोडीला हवी, तीळ न सोललेले. कुणाकडे जवस घालून केलेल्या चटणीची कृती आहे का?

निशिगंध: चटणीला वेगळा धागा काढा, प्लीज. केतकीताई, हार्मोन्सबद्दल: रक्तस्रावाचं कारण कळेपर्यंत सुरू करू नका. 45 नंतर असा रक्तस्राव असेल तर पिशवीच्या अस्तराची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) सांगतात, घाबरू नका, पण टाळूही नका. पुढे घ्यायचे ठरले तर पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, अस्तर वाढतं, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेन जेलने गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी. स्तनाचा कर्करोग झाला असेल तर इस्ट्रोजेन देत नाहीत, मग वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन असतं. आणि गर्भनिरोधन एवढ्यात सोडू नका: 50 च्या आत पाळी गेली तर पुढे 2 वर्षं चालू ठेवायचं.

केतकी_४७: शनिवारी सोनोग्राफीची वेळ घेतली. पाळी चालू असेल तर करतात का?

निशिगंध: करतात. पण अस्तराची जाडी पाळी संपल्यावर लगेच नीट कळते, थांबणं शक्य असेल तर तेव्हा जा. आतून करणार असतील तर लघवी करून जायचं, पोटावरून असेल तर दोन तास आधी चार-पाच ग्लास पाणी. फोन करून कोणती ते विचारा.