बंद पडलेल्या घडीच्या ई-सायकली दुरुस्तीसाठी घ्याव्यात का?

प्रश्न : दोन वर्षे पडून असलेल्या, ३६ व्होल्टच्या दोन घडीच्या ई-सायकली मला स्वस्तात मिळत आहेत. दोन्हींचे भाग जुळवून एक चालती करण्याचा विचार आहे. घेण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर १ : बॅटरी बाद धरूनच भाव ठरवा. पूर्ण चार्ज झालेली अशी बॅटरी ४२ व्होल्ट दाखवते. आतल्या सगळ्या सेलच्या साखळीच्या दोन टोकांवर (एकेका सेलवर नव्हे) मल्टिमीटर २५ व्होल्टच्या खाली आकडा दाखवत असेल, तर ती चार्ज करून पाहण्याचा मोह कृपया टाळा, कारण अशा सेलना आग लागू शकते.

उत्तर २ : मोटर मात्र बहुधा शाबूत असते. कंट्रोलरपासून (मोटरला वीज पुरवणाऱ्या नियंत्रकापासून) तिच्या तीन जाड तारा सोडवून चाक हाताने उलटे फिरवा (गिअरची मोटर सुलट फिरवल्यास आत फिरतच नाही), मग त्या तारांची टोके एकमेकींना जोडून पुन्हा फिरवा. दुसऱ्या वेळी चाक स्पष्टपणे जड लागले, तर मोटरमधली तारेची गुंडाळी ठीक आहे असे समजावे.

उत्तर ३ : बिजागरी विसरू नका. माझ्या सायकलीच्या बिजागरीशेजारी, वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर होती, जी मळ पुसल्यावरच दिसली. ती ॲल्युमिनियमची चौकट मी रस्त्यावर नेली नाही. मोटर, कंट्रोलर आणि ब्रेक तेवढे काढून घेतले.